दूधगंगेच्या पुलावर गव्हाण

मी गव्हाण. कोल्हापुरातल्या एका जुन्या दगडी चर्चच्या मागच्या खोलीत राहते. वर्षातला बहुतेक काळ मी झोपलेली असते. नाताळच्या आधीचे चार रविवार आले, ज्यांना ही माणसं आगमनकाळ म्हणतात, की मला जागं करतात.

लाकडाला कसली झोप, असं तुम्ही म्हणाल. पण लाकडाइतकं गाढ कुणी झोपत नाही. आणि त्या झोपेत स्वप्नं पडतात. पानांची, पावसाची, अंगावरून सावकाश चढत गेलेल्या मुंग्यांची. कधीकधी मला कळतही नाही की मी जागी आहे का झोपेत. तेव्हा सांगताना थोडं मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी मूळची फणसाची. राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत, दूधगंगेच्या काठाला उभी होते. एका पावसाळ्यात वाऱ्यानं आडवी झाले. खाली आकाराम नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं. त्यानं त्याच वर्षी पहिली म्हैस आणली होती. फांद्या चुलीला गेल्या आणि माझं खोड त्यानं अंगणात ओढून आणलं. मग रोज संध्याकाळी वाकस घेऊन बसायचा आणि मला आतून कोरायचा.

त्याची बायको धोंडुबाई दारात उभी राहून बघायची. म्हणायची, "एवढी खोल कशापायी? म्हशीला पवायचं हाय व्हय?"

"खोल असंल तर वैरण सांडत न्हाय," आकाराम म्हणायचा आणि आणखी थोडी कोरायचा.

म्हशीनं पहिल्यांदा तोंड घातलं तो दिवस मला आठवतो. तिचा ऊन ऊन श्वास माझ्या तळापर्यंत गेला. झाड असताना मला वारा ठाऊक होता, पण श्वास ठाऊक नव्हता. पुढं कितीतरी वर्षं त्या म्हशीनं, तिच्या रेडकांनी, त्यांच्या रेडकांनी मला चाटून चाटून असं गुळगुळीत केलं की रंधा मारणाऱ्याला जमलं नसतं.

मग सिमेंटचा गोठा झाला, सिमेंटचीच गव्हाण झाली, आणि मी घरामागच्या परड्यात गेले. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण कोंबडीची ऊबही काही कमी नसते.

तिथंच मला शांतवन भेटला. तो कोल्हापूरचा, ख्रिस्ती, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. आकारामाची म्हैस अडली होती म्हणून आला होता. काम उरकून हात धुवायला परड्यात आला आणि मला बघून तसाच उभा राहिला, ओल्या हातांनी.

"वैनी, ही गव्हाण द्याल का? आमच्या चर्चला पाहिजे."

"तितं कुठं म्हशी हायत?" धोंडुबाईनं विचारलं.

"म्हशी नाहीत. आमचा देव जन्मला तेव्हा त्याला गव्हाणीत निजवलं होतं. नाताळला तसं मांडतो आम्ही. दरवर्षी पुठ्ठ्याची करतो, ती मोडती."

धोंडुबाईनं गालाला हात लावला. "आगं बया! देवाला पाळणा न्हाय मिळाला?"

"पाळणा राहू दे, घरात जागाच नाही मिळाली."

मग कोंबडीला हुसकून तिनं माझ्यातली अंडी पदरात घेतली आणि म्हणाली, "न्या. पर धुऊन न्या. बाळ निजायचं हाय."

अशी मी दुधाच्या टेंपोतून शहरात आले. चर्चमधल्या बायकांनी मला पॉलिश करायचं ठरवलं होतं, कारण कितीही घासलं तरी म्हशीचा वास जाईना. शांतवन आडवा आला. म्हणाला, "असू दे वास. त्या गव्हाणीला काय अत्तर लावलं होतं?"

तेव्हापासून मला बाहेर काढायचं काम त्याचंच. पहिल्या रविवारी तो मला वेदीसमोर ठेवतो, पेंढा पसरतो, शेजारी पहिली मेणबत्ती लागते. आणि मी रिकामी असते. बाळाची मातीची मूर्ती कपाटात असते, ती नाताळच्या सकाळीच निघते. तोवर चारही रविवार माझ्यात नुसता पेंढा.

गंमत अशी की रिकाम्या गव्हाणीतही माणसं वाकून बघतात. दरवर्षी बघतात. म्हाताऱ्या बायका काठाला हात लावून तो हात कपाळाला लावतात. मुलं चॉकलेटचे कागद टाकतात. एकदा एका गृहस्थांनी उपदेश चालू असताना माझ्या आडोशाला फोन धरून क्रिकेटचा स्कोअर बघितला होता. मी कुणाला सांगितलं नाही. रंगीत काचांतून ऊन माझ्या पेंढ्यावर येतं, निळं, मग तांबडं, मग पिवळं, आणि मी पुन्हा अर्धवट झोपेत जाते.

शांतवनची बायको लवकर गेली. एकच मुलगी, कृपा. ती दिली सीमेपलीकडं, संकेश्वरला. जावई जयराज, कानडी ख्रिस्ती, तिकडच्या सरकारी बसवर ड्रायव्हर. शांत स्वभावाचा माणूस. कृपाचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या वर्षी शांतवननं मला बाहेर काढलं, पेंढा पसरला आणि माझ्या काठावर डोकं टेकून बराच वेळ बसून राहिला. माझ्या तळाला पाणी लागलं तेव्हा मला कळलं.

पुढं काही वर्षांनी कृपाला पुन्हा दिवस गेले. बाळंतपण कोल्हापुरातच करायचं ठरलं, पहिल्या वेळच्याच डॉक्टरीणबाईंकडं. जानेवारीच्या अखेरची तारीख होती. नाताळच्या आधी तिला माहेरी आणायचं म्हणून शांतवननं घराला रंगसुद्धा दिला.

आणि त्याच आगमनकाळात सीमेचं भांडण पेटलं.

तसं ते भांडण जुनं. गावं कुणाची, पाट्या कुठल्या भाषेत, बोलायचं काय. एरवी ते राखेखाली असतं. त्या डिसेंबरात ते वर आलं. इकडच्या गाड्यांना तिकडं काळं फासलं, तिकडच्या गाड्यांना इकडं. बस बंद होऊ लागल्या. शांतवन तरुणपणी सीमेच्या आंदोलनात होता, पाठीवर लाठी खाल्लेली. तो चर्चमध्ये शांतीसाठी प्रार्थना करायचा आणि बाहेर आला की पेपर वाचून दात-ओठ खायचा. मी ऐकत होते.

दुसऱ्या रविवारनंतर तो मेणबत्तीचं ओघळलेलं मेण खरवडत माझ्याजवळ बसला होता. फोन वाजला. त्याला कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"पप्पा," कृपाचा आवाज आला, "जयराजच्या बसवर दगड पडला. कपाळ फुटलंय. टाके घातलेत."

"कुठं?"

"तुमच्याकडंच. कागलच्या अलीकडं."

शांतवनच्या हातातली सुरी थांबली. "आमच्याकडं म्हणजे?"

"तुमच्या बाजूला, पप्पा."

"माझी बाजू कुठली गं?" तो म्हणाला. पण आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकू गेला नसावा. फोन ठेवून तो माझ्याकडं बघत बसला. दात-ओठ खाणं त्या दिवशी संपलं.

दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात मला कागलजवळच्या एका खेड्यात नेतात. तिथं चार-दोन ख्रिस्ती घरं आहेत, त्यांची उपासना होते. त्याही वर्षी बिद्रीचा उदयसिंह आपला दुधाचा टेंपो घेऊन आला. मला मागं ठेवलं, आत आणि भोवती पेंढा भरला, शांतवन पुढं बसला. सकाळ होती. उसाच्या फडांवर असं धुकं होतं की रस्ता संपून ढग सुरू झाल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं मी पुन्हा झाड झाले आहे.

तेवढ्यात फोन. कृपाच होती, पण बोलताना थांबत होती. पायाला सूज आलेली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं चमकतंय. तिथल्या डॉक्टरांनी बीपी बघून सांगितलं, आजच्या आज तुमच्या बाईंकडं न्या. बेळगावकडं जावं तर तिकडं जास्तच पेटलेलं. शेजाऱ्यांची गाडी दूधगंगेच्या पुलापर्यंत सोडायला तयार होती. तिकडच्या नंबरची गाडी पुलाच्या अलीकडं आणायची कुणाची छाती नव्हती.

"सासूबाई येतायत माझ्याबरोबर. पप्पा, तुम्ही पुलावर याल?"

शांतवननं उदयसिंहकडं बघितलं. उदयसिंहनं गिअर टाकला.

पुलाच्या अलीकडं टायर जळत होते. धुक्यात तो धूर मिसळून सगळं करडं झालं होतं. झेंडे घेतलेली माणसं रस्त्यावर उभी. त्यांचा म्होरक्या होता हंबीरराव, जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, आवाज असा की म्हैस दचकावी.

"ए पावणं, थांबा! पल्याड कुणी जायचं न्हाय. काय हाय टेंपोत?"

"गव्हाण," शांतवन म्हणाला.

"काय?"

"गव्हाण हाय हो. चर्चची."

हंबीररावानं मागं येऊन माझ्यात हात घातला. गुरं पाळणाऱ्या माणसाचा हात लाकडाला कळतो. त्यानं काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फणसाची हाय की. आता कुठं मिळत्यात असल्या?" मग पुन्हा आवाज चढवून, "पर पल्याड न्हाय जायचं!"

"मला जायचं नाही. माझी लेक यायची हाय. पोटुशी हाय. तब्येत बिघडलीय तिची."

"येऊ दे की मग. आपली लेक कोण अडवतंय?"

तेव्हा पुलावरच्या धुक्यातून दोघी दिसल्या. आधी नुसत्या दोन सावल्या, एक रुंद, एक वाकलेली. खाली दूधगंगा आवाज न करता वाहत होती. तेच पाणी वरच्या अंगाला मी झाड असताना माझ्या मुळांशी यायचं. ते इकडं आल्यावर कुणाचं झालं, हे त्यानं कुणाला विचारलेलं दिसलं नाही.

कृपा एका हातानं कठडा धरून चालत होती. दुसरा हात सासूच्या खांद्यावर. ती सासू म्हणजे एस्तेरव्वा. ठेंगणी, काळीसावळी, इरकली लुगडं, हातात पिशवी. ती सुनेला कानडीत धीर देत होती, आणि ते शब्द तिच्या आधी गर्दीपर्यंत पोचले.

"म्हातारी कानडी हाय!" कुणीतरी ओरडलं. "तिला न्हाय सोडायची! लेकीला घ्या, तिला माघारी धाडा!"

गर्दी पुढं सरकली. कृपा मटकन रस्त्यात बसली. शांतवन धावला. एस्तेरव्वा मात्र सुनेपुढं जाऊन उभी राहिली, थेट हंबीररावासमोर. तिला मराठी मोडकीतोडकीच येत होती.

"माझा पोरगा ड्रायव्हर," ती म्हणाली. "त्याचं डोकं हितं फुटलं. तुमचा दगड. रक्त मी पुसली." तिनं कपाळावर बोट ठेवून दाखवलं. "तरी मी आली. हिचं पोट तुमचं पण हाय, माझं पण हाय. मला मारायचं तर नंतर मारा. आधी हिला दवाखान्यात घाला."

टायर तेवढा तडतडत होता. हंबीररावानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा रस्त्यात बसलेल्या कृपाकडं. मग मागं वळून असा ओरडला की धुकंही हललं असेल.

"काय बघताय रं तोंडाकडं? बाई अडलीया आन् तुमी भाषा इचारताय! उचला त्यो टायर!"

"पर दादा, ती..."

"ती पोराची आज्जी हाय. टायर उचल म्हणतो न्हवं!"

कृपाला टेंपोत मागं चढवलं. पुढच्या सीटवर तिला बसवेना. पेंढ्यावर बसून तिनं माझ्या कुशीला पाठ लावली आणि माझा काठ घट्ट धरला. एस्तेरव्वा तिच्या शेजारी. शांतवनही मागंच चढला. हंबीरराव टेंपोच्या पुढं चालत निघाला, हात हलवत, माणसं बाजूला करत, शेवटच्या झेंड्यापर्यंत. तिथं थांबून त्यानं टेंपोच्या पत्र्यावर थाप मारली. "जावा. सावकाश. पर थांबू नगासा."

रस्ताभर कळ आली की कृपाची बोटं माझ्यात रुतत होती. एस्तेरव्वा डोळे मिटून कानडीत काहीतरी म्हणत होती. शांतवन मराठीत तेच म्हणत असावा, कारण दोघांचं 'आमेन' एकाच वेळी झालं. मी म्हशींचे श्वास ओळखते, कोंबड्यांची धडधड ओळखते. त्या दिवशी माझ्या पाठीशी एक अगदी इवली हालचाल लागली, कृपाच्या पोटातली. मला वाटलं, हे स्वप्न असलं तर संपू नये.

त्या संध्याकाळी मुलगी झाली. वेळेआधी, ऑपरेशन करून. कृपा वाचली. पण बाळ इतकं लहान की काचेच्या पेटीत ठेवलं. जगेल का, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. "वाट बघू," एवढंच म्हणाल्या.

हे सगळं मला शांतवनच्या तोंडून कळलं. दवाखान्यातून घरी जाताना तो चर्चमध्ये येऊन बसायचा. बरोबर एस्तेरव्वा. व्याह्याला त्यांच्याकडं बीगरू म्हणतात. ती त्याला 'बीगरे' म्हणायची आणि पुढं बरंच कानडीत बोलायची. त्याला निम्मं कळायचं. तो मराठीत उत्तर द्यायचा, तिला निम्मं कळायचं. एवढ्यावर त्यांचं भागत होतं. बाजारात गेली की मात्र ती तोंड मिटून असायची, खुणेनं भाजी घ्यायची.

नाताळ आला. चर्च भरलं. पाळकांनी वचन वाचलं आणि शांतवनला खूण केली. तो कपाटातून मूर्ती घेऊन माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "यंदा गव्हाण रिकामीच असू दे. तिकडं आमचं बाळ पेटीत हाय. जावई सीमेपल्याड. रस्त्यावर अजून टायर जळतायत. काय आलंय म्हणून मी ही मूर्ती ठेवू? सगळं निवळू दे. मग ठेवतो."

पाळकांनी मान खाली घातली. मलाही ते पटलं होतं. रिकामं राहायची मला सवय आहे.

बायकांच्या बाजूनं एस्तेरव्वा उठली. हळूहळू चालत पुढं आली. शांतवनच्या हातातून मूर्ती तिनं काढून घेतली, पदरानं पुसली, जशी न्हाऊ घातलेल्या बाळाला पुसतात तशी. मग वाकून माझ्यात ठेवली आणि दोन्ही बाजूंनी पेंढा सारखा केला.

"बीगरे," ती म्हणाली, "गलाटा, भांडण थांबल्यावर तो आला न्हवता. गलाट्यातच आला."

तिनं मूर्तीवर बोट ठेवलं.

"हा आला," ती म्हणाली, "म्हणून तिची वाट बघायला जोर येतोय."

मग ती जागेवर जाऊन बसली नाही. तिथंच माझ्याजवळ गुडघे टेकून कानडीत प्रार्थना म्हणू लागली, मोठ्यानं. त्या दिवसांत कोल्हापुरात मोठ्यानं कानडी बोलणं सोपं नव्हतं. पण संपूर्ण चर्च उभं राहिलं आणि तिची प्रार्थना संपेपर्यंत उभंच होतं. माझ्यातला वास, मेणबत्तीचा वास, काचेतून आलेलं निळं ऊन, आणि तिचे मला न कळणारे शब्द. आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या स्वप्नांत मला तेच सगळ्यात खरं वाटतं.

बाळ जगलं. पेटीतून बाहेर आलं तेव्हा थंडी सरत आली होती. बस सुरू झाल्या आणि पहिल्या काही गाड्यांतच जयराज आला, प्रवासी म्हणून, कपाळावर आडवी खूण घेऊन. सगळी मिळून मला बघायला मागच्या खोलीत आली. कुणीतरी म्हणालं, "ठेवा की बाळाला गव्हाणीत, फोटो काढू." कृपा म्हणाली, "नको बाई, गार लागंल तिला." आणि लेकीला आणखी घट्ट गुंडाळलं. मला वाईट वाटलं नाही. आईची कूस असताना गव्हाणीत कशाला?

सीमेचं भांडण? ते आहे तिथंच आहे. मध्येच धुमसतं, मध्येच निवतं. शांतवन आता पेपर कमी वाचतो आणि नातीशी बोलता यावं म्हणून कानडी शिकतोय. त्याचं कानडी ऐकून एस्तेरव्वा फोनवर हसून हसून बेजार होते.

मी म्हातारी झाले आहे. एका बाजूला चीर गेली आहे, भुंगा लागला आहे. आणखी किती आगमनकाळ निघतील, सांगता येत नाही. माझ्या जागी उद्या फायबरची चकचकीत गव्हाण आली तरी माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे. मला बाहेर काढाल तेव्हा माझ्यात भाताचाच पेंढा घाला. उसाचा पाला स्वस्त मिळतो म्हणून तो भरू नका, त्याला कुसळं असतात, अंगाला टोचतात. कोण येईल, कुठल्या वाटेनं येईल, काय भाषा बोलत येईल, ते मला ठाऊक नाही. येणाऱ्याला टोचू नये, एवढंच.